बाळूने भरलेला गॅस

१० फेब्रुवारी
एसीच्या बाहेरच्या मशीनची पाईप चिरली होती, सगळा गॅस गेलेला. बाळू मंचरचं दुकान टाकून राजुरीला आला. जोड मारला, गॅस भरला, चहाही उभ्यानंच. धाकटा भाऊ एसी मेकॅनिक निघाला हे माझं नशीबच. जाताना म्हणाला, "आक्का, दाजींची खोली म्हंजे माझी जिम्मेदारी. तू बिनघोर ऱ्हा."
राहिले बिनघोर.
त्याच्या कसल्यातरी चावटपणावर हे हसले. विजेच्या पोलावरून पडून मानेखालचं अंग गेल्यापासून हे हसले की मी लिहून ठेवते.

२७ मार्च
ऊन चढलं. दुपारी खोली २९ च्या खाली येईना. डॉ. नी बजावलंय, यांना मानेखाली घाम येत नाही, बाहेर तापलं की अंगही तापणार, खोली पंचविसाच्या आत पाहिजे. बाळूला फोन केला. "जाळी धू, आक्का." धुतली.

४ एप्रिल
पुन्हा जाळी धुतली. बाहेरच्या मशीनवर हिरवी नेट बांधली. तरी ३१. सकाळी खोली छान गार, बारानंतर फुस्स. बाळू म्हणे, "व्होल्टेज कमी आसंल. एवढ्या उन्हात समद्यांचंच एसी दमत्यात." शेजारच्या मंदाचा कुठं दमतोय? पण मी तिला म्हणाले, तुमची खोली लहान आहे.
हे म्हणाले, आळेफाट्याचा मेकॅनिक बोलवू या का. मी अंगावरच गेले. सख्खा भाऊ असताना परक्याला मशीन उघडायला लावायचं? मंचरात कळलं तर त्याचं नाक कापलं जाईल.

१२ एप्रिल
ताप १०३. दुपारी दोनला हाक मारली तर ओ देईनात. मान, काख, पाय, ओली फडकी बदलून बदलून माझे हात गळाले. डॉ. धावत आले, सलाईन लावलं. "अजून थोडा उशीर झाला असता तर..." एसी चालूच होता. घरघरत होता मेला.
बाळूला चार फोन. "पेठला कामात हाय, परवा येतो."
परवा!
नाक गेलं खड्ड्यात. आळेफाट्याला फोन लावला.

१३ एप्रिल
सकाळी उन्हाच्या आत ह्यांना मंदाच्या एसीच्या खोलीत हलवलं. मग मेकॅनिक आला. पन्नाशीचा, कमी बोलणारा. मशीन बंद केलं आणि तासभर नुसता बसून राहिला. मला वाटलं, हा कसला मेकॅनिक! मग गॅसचा दाब मोजायचं गेज लावलं, मला बोलावून काटा दाखवला.
"ताई, मशीनवर काय लिवलंय? बत्तीस नंबरचा गॅस. बंद मशीनला ह्या उन्हात काटा सव्वातीनशेच्या आसपास पायजे. ह्यो दोनशेवर हाय. गॅस जरा कमी आसला तरी बंद मशीनला एवढा फरक पडत न्हाई. आत बावीस नंबर भरलाय."
मी म्हटलं, बावीस वाईट असतो का?
"त्याच्या मशीनला लई भारी, उन्हातबी टिकतो. पण ह्ये मशीन बत्तीसच्या मापाचं. बावीस घालून थंडीत कसंबसं निभतं, चाळीसच्या पुढं खोलीतली गरमी उचलायची ताकदच न्हाई ऱ्हात. कुणी भरला?"
मी सांगितलं, आठवत नाही. अजून पाठीशी घालतेय मी त्याला! आपलेच दात, आपलेच ओठ.
त्यानं सगळा गॅस काढला, पाईप रिकामी केली, वजनकाट्यावर मोजून बत्तीस भरला. दुपारी खोली २४. "पन चुकीच्या गॅसनं मशीनच्या तेलाची वाट लागलीया. कॉम्प्रेसर हा उन्हाळा काढंल का, मला सांगता येत न्हाई."

१४ एप्रिल
बाळूला फोन. आधी, "त्या मेकॅनिकला काय कळतंय!" मी काट्याचा आकडा सांगितला. मग म्हणाला, पेठच्या बंगल्यात दुसऱ्या दिवशी लग्न व्हतं, बत्तीसचा एकच सिलिंडर उरला व्हता, त्यो तिकडं लागणार व्हता. "तुजं घरचंच मशीन, आक्का. थंडी व्हती. म्हटलं उन्हाळ्याआधी बदलू. ऱ्हाऊन गेलं."
मार्चात मी फोन केला तेव्हा? तेव्हा आठवलं नाही?
"आठवलं व्हतं. तोंड कसं दाखवू, म्हणून..."
फोन ठेवला.
विसरला असता तर चार शिव्या देऊन माफ केलं असतं. याला सगळं आठवत होतं, आणि मला जाळी धुवायला लावत होता. दोनदा! परक्याचं लग्न अडू नये म्हणून घरच्यांना उरलंसुरलं. आणि घरचा म्हणून मीही यांचं ऐकलं नाही. माझाही राग येतो मला. बाळूचा जास्त येतो.

१९ एप्रिल
दुपारचा एक. खोली २५, मधूनच मशीन खडखडतंय. ताप नाही.
बाळू आलाय. फाटकाशी गाडी लावून उभा आहे, पायाशी सिलिंडर. हाक मारत नाही, कडीही वाजवत नाही. मी खिडकीतून पाहिलं हे त्यानं पाहिलं.
तो आल्याचं यांना सांगितलं नव्हतं. पण गाडीचा आवाज ओळखला यांनी. "बाळू ना? आत घे त्याला. बाहेर ऊन किती हाय."
मी वही काढून बसले. हे दुसऱ्यांदा म्हणाले, "अगं, ऊन हाय."
लिहितेय. तो अजून उभा आहे.