गोळीला वार कळत नाही

छावणी, छत्रपती संभाजीनगर
श्रावण वद्य तृतीया

प्रिय लक्ष्मण,

पत्र बघून तू आधी हसशील. ताईला फोन लावता येईनासा झाला का, म्हणशील. लावता येतो. पण फोनवर तू ‘हो ताई, हो ताई’ करत गिऱ्हाइकाला वह्या-पेनं देत राहतोस, आणि मला आज तुझ्याकडून एक गोष्ट हवी आहे. ती शेवटी सांगते, कारण सुरुवातीलाच सांगितली तर तू पत्र घडी घालून खिशात टाकशील. तुला राखी बांधून अजिंठ्याहून परत आल्यापासून मला एका जागी बसवत नाही. आज दोनदा भाजी करपली. तुझ्या दाजींनी ती करपलेलीच मागून घेतली, म्हणजे माझा चेहरा कसा असेल बघ.

तुझ्यापासून लपवलेलं आधी सांगून टाकते. आषाढापासून माझ्या हृदयाचा ताल बिघडलाय. जिना चढताना धडधड व्हायची, मध्येच ठोका चुकल्यासारखा वाटायचा. मी पित्त समजून आमसुलाचं पाणी पीत राहिले. एक दिवस भाजी घेताना घेरी आली, तेव्हा दाजींनी धरून जालना रोडवरच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नाव सांगितलं, एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाचे वरचे दोन कप्पे धड आकसत नाहीत, नुसते थरथरतात. त्यामुळे रक्त तिथं साचतं, गुठळी होते, आणि ती सुटून मेंदूत गेली की अंगावरून वारं जातं. हे ऐकलं आणि मला आई दिसली. देवापुढं बसल्या बसल्या कलंडली आणि उरलेली वर्षं अर्ध्या अंगानं काढली. तिच्याही छातीत काहीतरी फडफडायचं, ती सांगायची आणि आपण हसायचो. तिला हेच होतं की नाही, आता कोण सांगणार?

उपाय पुष्कळ आहेत, तेवढं तरी बरं. ठोके आवरायच्या गोळ्या, रक्त पातळ ठेवायची गोळी, मीठ कमी, बीपी ताब्यात. त्यानं भागलं नाही तर भूल देऊन विजेचा झटका देतात, ताल जागेवर आणायला. तोही टिकला नाही तर मांडीतल्या शिरेतून तार हृदयापर्यंत नेऊन बिघडलेली जागा जाळतात. ‘जाळतात’ हे ऐकून मी घरी येईपर्यंत रामरक्षा म्हणत राहिले. बाईंनी माझ्यासाठी झटका ठरवला होता. त्याआधी रक्त पातळ करायची गोळी सलग तीन आठवडे, एकही न चुकवता.

आणि मी काय केलं? चिठ्ठीवर लिहिलं होतं, जेवणानंतर एक. इकडे श्रावण लागला. सोमवार, शनिवार, एकादशी. उपवासाला जेवण कुठलं, आणि साबुदाणा म्हणजे काही जेवण नव्हे. जेवण नाही म्हणून गोळी नाही! अगदी नेमानं चुकवली बघ. बरं, उपवास कशासाठी, तर हृदय नीट व्हावं म्हणून. पाकिटात गोळ्या जास्त उरलेल्या दाजींना दिसल्या आणि घरात महाभारत घडलं. बाई मात्र रागावल्या नाहीत. कन्नडकडच्या आहेत, बोलणं आपल्या गावाकडचं. म्हणाल्या, “मावशी, गोळीला वार कळत नाय. पोटात कायतरी पडलं म्हंजी झालं, साबुदाणा बी चालतो.” झटका पुढं गेला. आता तीन आठवडे पुन्हा पहिल्यापासून. तेवढ्यात गुठळी झाली असेल तर, हा विचार डोक्यातून जात नाही. भीती वाटते, लक्ष्मण, खोटं कशाला बोलू.

बाईंनी मला मनगटावर बोटं ठेवून नाडी बघायला शिकवलंय. दाजींची मुद्दाम बघितली, ती टाळासारखी एकसारखी पडते. माझी पळते, अडखळते, पुन्हा पळते. राखीच्या दिवशी तुझ्यासमोर बसले आणि गाठ मारताना बोटं तुझ्या मनगटावर टेकली. मी राखी सोडली, पुन्हा बांधली, पुन्हा सोडली. ‘ताई, म्हातारी झालीस, साधी गाठ बसंना,’ म्हणून तू हसलास, तुझी यमुनाही हसली. गाठ पहिल्यांदाच बसली होती रे. मी तुझी नाडी बघत होते, आणि ती माझ्यासारखीच चालत होती. तुझ्या बायकोसमोर, ओवाळणीच्या ताटासमोर तोंड उघडवेना. तर गुरुवारी दुकान बंद ठेव आणि तिला घेऊन ये. बाईंची वेळ तुझ्या नावानं घेतली आहे, कार्डिओग्राम काढायला कितीसा वेळ लागतो. त्याआधी तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, जीभ जड झाली तर गुरुवारची वाट बघायची नाही, तिथल्या तिथं गाडी काढायची, हे यमुनेला वाचून दाखव. जन्मभर मी म्हणेन तेच खरं म्हणून तुझ्याशी भांडत आले. या वेळी माझं चुकावं, एवढंच मागणं आहे. कार्डिओग्रामची पट्टी चांगली निघाली तर सगळ्या गोतावळ्यासमोर मला चिडव, मी मुकाट्यानं ऐकून घेईन.

गुरुवारी दारात उभी असलेली,
तुझीच,
दमूताई