दोन भुवयांच्या मधला ठिपका

१७ मार्च, सकाळचे साडेसहा

ती. ताईस,

धाकटीचा नमस्कार. तुझा गुडघा आता फार दुखत नसेल, भाऊजी मजेत असतील, इकडेही सगळं ठीक आहे.

हे तू शिकवलंस तसं लिहून झालं. पत्राची सुरुवात अशी केली की वाचणाऱ्याला बरं वाटतं, असं तू मला सांगितलं होतंस. आता खरं लिहिते. इकडे काहीही ठीक नाही. मला तुझा इतका राग आलाय की तीन दिवस मी कागद घेऊन बसते आणि तशीच उठते. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तुझं वाक्य संपलं की नुसती दम घ्यायला थांबलीस, हे ओळखण्यातच माझा जीव जातो. मग माझं म्हणणं राहून जातं आणि मी "हो ताई, हो ताई" करत फोन ठेवते. मागच्या महिन्यात तेच झालं.

तुझं पत्र आणि त्यातला नातीचा फोटो मिळाला. त्या फोटोवरूनच मला तुझ्याकडे एक गोष्ट मागायची आहे. ती एकदम मागितली तर तू म्हणशील, हिचं आपलं काहीतरीच. म्हणून आधीचं सगळं क्रमाने सांगते. तू मध्ये बोलू शकत नाहीस, हे पत्राचं फार चांगलं आहे.

मालकांनी दुकान नवं केलं, हे तुला माहीत आहे. मी सव्वीस वर्षं मागच्या खोलीत चष्म्याच्या काचा घासते, फ्रेममध्ये बसवते. तिथे मशीनचा एकच एक आवाज, एक दिवा आणि मी. आता पुढच्या भागात पांढरेफटक दिवे लागले, दिवसभर गाणी सुरू झाली, आणि काउंटरवरची मुलगी नोकरी सोडून गेली. मालक म्हणाले, "बाई, आजपासून तुम्ही पुढे. तुमच्याइतकं काम कुणाला येतं?" पहिल्याच दिवशी एका बाईंनी लाल फ्रेम घालून विचारलं, "यात मी तरुण दिसते ना?" मी म्हटलं, "नाही." त्या फ्रेम ठेवून निघून गेल्या. मालक हसू की रडू असे बघत राहिले.

पट्टी लावून बुबुळांमधलं अंतर मोजायचं असलं की मी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत खुशाल बघते. तेव्हा ते डोळे मोजायचे असतात, वाचायचे नसतात. पण त्याच डोळ्यांनी मला काही विचारलं की संपलं. अकराव्या दिवशी चार माणसं एकदम बोलत होती, वर गाणं चालू होतं, आणि मी सरळ मागे जाऊन मशीनच्या टेबलाखाली शिरले. कानांवर हात घट्ट दाबून दीड तास बसले. बावन्न वर्षांची बाई! मालकांनी मला ओढून बाहेर काढलं नाही, ओरडलेही नाहीत. ते दाराशी फरशीवर बसले आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, "बाई, माझ्या मेहुण्याचं असंच व्हायचं. तुम्ही एकदा दाखवून या." सव्वीस वर्षं मी त्यांना चिकट म्हणत आले, तो शब्द मागे घेते.

पुढचं तुला ठाऊक आहे. चार वेळा जाणं झालं, डॉक्टरबाईंनी खूप विचारलं आणि शेवटी सांगितलं की मला ऑटिझम आहे. जन्मापासून आहे. मराठीत स्वमग्नता म्हणतात म्हणे. स्वतःत मग्न! मी? जिने अख्खा जन्म दुसऱ्यांची तोंडं वाचायचा अभ्यास केला, कोण कधी हसतो, कोण कधी उठतो, कुणाला किती वेळ बघायचं हे पाठ केलं, ती स्वतःत मग्न? स्वतःकडे बघायला मला सवड कधी होती गं? हे नाव ज्याने ठेवलं त्याला आमच्या दुकानातून फुकट चष्मा द्यायला मी तयार आहे.

हे तुला फोनवर सांगितलं तेव्हा तू काय म्हणालीस, ते मी शब्दन्‌शब्द लिहू शकते. "अगं, सगळेच थोडे थोडे तसे असतात." मग म्हणालीस, "आता पन्नाशीनंतर कळून काय उपयोग? वरातीमागून घोडं." आणि शेवटी, "उगाच कुणाला सांगत सुटू नकोस." सगळेच थोडे तसे असतात म्हणे! गुडघा सगळ्यांचाच थोडा थोडा दुखतो, असं मी तुला कधी म्हटलं का? मी फोन ठेवला, नळ सोडला आणि तो आवाज ऐकत उभी राहिले. अंगाची नुसती लाही लाही होत होती.

पण खरा राग तोही नव्हे. खरा राग त्या अर्जाचा आहे.

माझ्या लहानपणाची माहिती लिहून दे म्हणून डॉक्टरबाईंनी तुला चाळीस प्रश्न पाठवले होते. आई-बाबा नाहीत, तेव्हाचं सांगणारी तूच एक उरलीस. तू आठ दिवसांत भरून पाठवलेस, पट्टीने रेघ मारून, सुंदर अक्षरात. बाई माझ्यासमोर वाचत होत्या. नजरेला नजर देत असे का? हो. पाहुण्यांशी बोलत असे का? हो. विनोदावर हसत असे का? हो. वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "तुमच्या ताईंच्या मते तुम्हाला काहीच झालेलं नाही."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. आणि मग मी त्यांना ठिपक्याचं सांगितलं. तोवर ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे असंच वाटलं नव्हतं. सगळ्याच घरांत थोरल्या बहिणी असं शिकवतात, अशी माझी समजूत होती.

तुला आठवतंय ना? मी आठ वर्षांची, तू तेरा. आई माझी हनुवटी धरायची. "इकडे बघ! मी बोलतेय ना? माझ्याकडे बघ!" मी बघितलं नाही की फटका. जित्याची खोड मेल्याशिवाय जायची नाही, हे ऐकून माझे कान किटले होते. मग त्या सुट्टीत तू मला कपाटामागच्या बोळकांडीत नेलंस. लाल कागदाचा एक ठिपका कापलास आणि डिंकाने स्वतःच्या दोन भुवयांच्या मधे चिकटवलास. "डोळ्यांत बघू नकोस. इथे बघ. समोरच्याला कळत नाही. तीन मोजायचे, मग खाली बघायचं, मग परत वर." दुसऱ्या सुट्टीत हसणं शिकवलंस. दुसरा हसला की दोन मोजायचे आणि हसायचं, पण त्याचं हसू संपायच्या आधी आपण थांबायचं. दोन सुट्ट्या, रोज दुपारी. तुझ्या कपाळाला डिंकाने पुरळ आलं होतं. आईने विचारलं तर तू घामोळं म्हणालीस.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "मग या प्रश्नाचं उत्तर 'हो' नाही."

ताई, मी अजून मोजते. आत्ता, बावन्नाव्या वर्षी. गिऱ्हाइकासमोर मोजते, शेजारणीसमोर मोजते, स्वतःच्या लग्नात मोजलं. नवरा अकरा वर्षांनी सोडून गेला तेव्हा म्हणाला, "तुझ्याशी बोलणं म्हणजे सरकारी खिडकीशी उभं राहणं." त्यावरही मी दोन मोजले आणि हसले. त्याला वाटलं मी त्याची टिंगल करतेय. रोज घरी आले की दार लावून, नळ सोडून तासभर रडायचे, आणि मला वाटायचं की मी कमकुवत आहे, सगळ्या बायका हेच करतात आणि न रडता करतात. चव्वेचाळीस वर्षं, ताई! कुणी एकाने जरी सांगितलं असतं की तुला हे जड जातंय कारण ते तुला खरंच जड आहे, तर मी निदान स्वतःला शिव्या देणं थांबवलं असतं.

तुझ्यावर रागवायचा मला हक्क नाही, हे कळतं. तू तेरा वर्षांची होतीस आणि मला मारापासून वाचवत होतीस. त्या घरात माझ्या बाजूने उभी राहणारी तू एकटीच होतीस, आणि त्या दुपारी तू वाटलीस तितकं आपलं मला पुढे कधीच कुणी वाटलं नाही. पण राग हक्क विचारून येत नाही. तेराव्या वर्षीचं मी तुला कधीच माफ केलंय. सत्तावन्नाव्या वर्षी 'हो' लिहिलंस, ते मला माफ करता येत नाही. तुला माहीत होतं, ताई.

आता फोटो.

तू फरशीवर गुडघे टेकून बसली आहेस, दुखऱ्या गुडघ्यासकट. समोर तुझी सहा वर्षांची नात. तिने हात पाठीमागे घेऊन एका हाताने दुसऱ्या हाताचा अंगठा मुठीत धरलाय. मी अजून तसाच धरते. आणि तुझ्या दोन भुवयांच्या मधे फळांवर लावतात तसला हिरवा गोल कागद चिकटवलेला आहे. फोटोच्या पाठीमागे तू लिहिलंस, "आमची छोटी शहाणी झाली बघ." पत्रात लिहिलंस की शाळेत ती बाकाखाली जाऊन बसायची, आता दोन महिन्यांत पाहुण्यांशीसुद्धा छान बोलते. आणि खाली, सहज लिहावं तसं, "फक्त घरी आल्यावर तासभर रडते, का ते काही कळत नाही."

तुला कळत नाही? मला कळतं. तिची आईही तुझ्या कौतुकाला भुलली असेल, मी भुलणार नाही. तो ठिपका काढ. आज काढ, हे पत्र हातात असतानाच काढ. तिला खाली बघू दे, भिंतीकडे बघू दे, बाकाखाली बसू दे. वाटलंच तर तूही तिच्याशेजारी जाऊन बस, आमचे मालक बसले तसे. तिच्या आईला सांग, की मावशीला काय निघालं आणि छोटीलाही दाखवून आणायला हवं. तू सांगणार नसशील तर मी येऊन सांगेन. मला गाडीतली गर्दी सोसत नाही, लोकांकडे बघवत नाही, तरी येईन आणि सगळ्यांसमोर सांगेन. एवढंच मागायचं होतं. बाकी माझं झालं ते झालं.

अजून एक आहे. लिहू की नको, असं दोनदा झालं.

तुझा मूळ अर्ज डॉक्टरबाईंनी माझ्या फायलीत लावून दिला. परवा तो दुकानात माझ्या दिव्याखाली धरला. काचेवरचा केसाएवढा ओरखडा शोधून काढणं हे माझं काम आहे, तुझी खाडाखोड माझ्यापुढे किती टिकणार? एकतिसावा प्रश्न. पाहुणे आले की मूल लपून बसत असे का? तू 'नाही' लिहिलंस. पण त्याआधी काहीतरी लिहून गच्च खोडलं होतंस. मी वाचलं. 'आम्ही दोघी' असं होतं.

बोळकांडी मला तू दाखवलीस. तुला ती कशी ठाऊक होती? भुवयांच्या मधे बघितलं की समोरच्याला कळत नाही, हे तेरा वर्षांच्या मुलीला कुणी सांगितलं? मला शिकवायला तू होतीस. तुझ्यासमोर ठिपका लावून कोण बसलं होतं, ताई? कुणीच नाही ना? तू एकटीनेच शोधून काढलंस ना?

सोबत कोरा अर्ज पाठवते आहे, तेच चाळीस प्रश्न. नावाच्या जागी माझं नाव लिहू नकोस, छोटीचंही नको. तुझं लिही. पेन्सिलीने, दाबून लिही, म्हणजे खोडलंस तरी कागदावरचा वळ मला दिव्याखाली वाचता येईल.

उत्तराची वाट बघते. भेटशील तेव्हा मी तुझ्या पायांकडे बघत बोलेन, तूही खुशाल भिंतीकडे बघ.

तुझ्यावर अजून रागावलेली आणि तुझीच,
धाकटी