टरबूज कसं वाजलं

अप्पा, परवा इथं नांदेडात दुकानात टरबूज घ्यायला गेले आणि हुबेहूब तुमच्यासारखं वागून आले. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवतो असं मी नुसतं म्हणते, खरं तर आठवत नाही. पण परवा तो माझ्याच तोंडातून निघाला, आणि तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

निलंग्याहून विहीणबाई यायच्या होत्या, सुनेच्या आई. उन्हातून माणूस येतंय तर जेवणानंतर गार टरबूज द्यावं, म्हणून मी आणि सून निघालो. आता टरबूज फक्त गाड्यावर मिळतं असं राहिलं नाही. एसीच्या किराणा दुकानात साबणाच्या वड्यांशेजारी त्याचा ढीग लावलेला असतो आणि वरून गाणी चालू असतात. त्या गाण्यांत मला धड काही ऐकू येत नाही. तरी मी एक उचललं, बोटानं वाजवलं, जाणकारासारखी मान डोलावली. घरात टरबूज निवडायचा मान माझा आहे ना, तुमची लेक म्हणून मिरवत आलेय इतकी वर्षं. सून शेजारून काहीतरी म्हणाली. तिचे ओठ हललेले दिसले, बाकी काही नाही. "काय?" म्हणाले. ती परत बोलली, परत काही कळलं नाही, आणि बिलाच्या रांगेतल्या सगळ्या माणसांसमोर मी तिच्यावर खेकसले, "तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतेस? तोंड उघडून बोलत जा." पिशवी तिनंच उचलली.

मी लहान असताना, लातूरला तुम्ही कामाला होतात त्या दालमिलच्या दारात तुम्ही मला हेच म्हणाला होतात. मी तुमचा डबा घेऊन आलेय. आत मशिनी धडधडताहेत, तुरीचा भुसा उडतोय, तुमच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्यात. आईनं दिलेला निरोप मी सांगते, तुम्ही परत विचारता, मी परत सांगते, आणि तुम्ही हमालांसमोर ओरडता, "तोंडातल्या तोंडात काय बोलायलीस? तोंड उघडून बोल." पोत्यांच्या थप्पीआड जाऊन मी रडले होते. तेव्हापासून मोठ्यानं बोलायची सवय लागली ती लागलीच. पुढं शाळेत शिकवताना ती कामाला आली, पोरं माझ्या आवाजाच्या नकला करायची.

आणि तेच तुम्ही संध्याकाळी मला गंजगोलाईच्या बाजारात न्यायचात. टरबुजांच्या ढिगापुढं उकिडवे बसायचात, एक उचलून माझ्या कानाशी धरायचात, वाजवायचात आणि विचारायचात, "कसं वाजलं सांग." टणटण वाजलं तर कच्चं, ढबढब वाजलं तर पिकलेलं, भद्द वाजलं तर आतून नासलेलं. मी डोळे मिटून ऐकायची आणि सांगायची. तुम्ही दुसऱ्या कुणाला विचारायचा नाहीत. विकणाऱ्याला म्हणायचात, "माझ्या लेकीचा कान लई तिखट हाय." एवढ्या भावंडांत माझ्या वाट्याला आलेला तेवढा एकच मान होता, अप्पा. एखादं पांढरं निघालं की आई गल्लीला ऐकू जाईल असं विचारायची, "कुणी निवडलं हे?" तुम्ही म्हणायचात, "म्याच निवडलं." आणि मधला गाभा, असेल तेवढा लाल, माझ्या ताटात टाकायचात.

तर परवा जेवणं झाली आणि विहीणबाईंसमोर मी मोठ्या ऐटीत टरबूज कापायला घेतलं. सुरी आत गेली आणि आंबूस वास सुटला. आत सगळं लिबलिबीत. विहीणबाई लेकीला म्हणाल्या, "अगं, घेताना बघून घ्यायचं न्हाई का?" सून माझ्या समोरच उभी होती, म्हणून तिचं बोलणं मला नीट कळलं. ती म्हणाली, "चुकलं मम्मी. मीच निवडलं."

आणि मी गप्प बसले. खरं सांगायला गेले तर कान गेल्याचं विहिणीसमोर निघेल, म्हणून पोरीवर आळ जाऊ दिला. संध्याकाळी मुलानं तिच्याकडून ऐकलेलं मला सांगितलं, दुकानात ती मला म्हणत होती, "आई, हे बुडाशी मऊ लागतंय, नको घेऊ." ऐकून मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग तुमचं एकेक समजत गेलं. आई तुमच्याशी सदा ओरडून का बोलायची आणि गल्लीतल्या बायका तिला उगीच भांडकुदळ का म्हणायच्या. मठात प्रवचनाला तुम्ही अगदी पुढं जाऊन का बसायचात. टरबूज माझ्याच कानाशी का धरायचात. तुम्ही मला काही शिकवत नव्हता, अप्पा. तुम्हाला ऐकू येत नव्हतं. मिलनं तुमचे कान खाल्ले होते, आणि आई सोडून आम्हा कुणाला ते कळलं नाही. तुमचा राग यायला हवा होता, पण आला नाही. फक्त त्या तिखट कानाचं आता काय करू, ते कळेना.

आज सकाळी आम्ही परत त्याच दुकानात गेलो. गाणी तशीच चालू. मी टरबूज उचललं, सुनेच्या कानाशी धरलं, वाजवलं आणि म्हणाले, "कसं वाजलं सांग." ती माझ्या अगदी समोर येऊन उभी राहिली, तिचे ओठ मला दिसावेत अशी, आणि मोठ्यानं म्हणाली, "ढबढब वाजलं, आई. हे घेऊ या." लोक वळून बघायला लागले. तिनं तिकडं लक्षच दिलं नाही.

तिला कळलंय. कधीपासून, कोण जाणे. मला तुमचं ओळखता आलं नाही, तिनं माझं ओळखलं. तिथंच सांगून टाकायचं होतं की पोरी, मला ऐकू येत नाही, परवा तुझी काही चूक नव्हती. शब्द जिभेवर आले होते.

आत्ता ती आत टरबूज कापतेय आणि मी इथं बसून तुम्हाला लिहितेय. हे पत्र कुठं टाकायचं नाही, टाकणार तरी कुठं. तिला सांगायचं ते तुम्हाला सांगत बसलेय, कारण तुमच्यापुढं लाज वाटत नाही, तिच्यापुढं वाटते. दुकानात मी तिला काय म्हणाले माहीत आहे, अप्पा? म्हणाले, "तुझा कान लई तिखट हाय गं." तेवढंच म्हणाले.