शंभर गेले, एकशे बारा आले

सोमवार, ५ मे
ठरलं. आमच्या विभागातल्या, माझ्यामागून आलेल्या गिझलानला खरं सांगायचं. शनिवारी तिचा पीएचडीचा व्हायवा, आणि तिच्या प्रबंधात मी काढून दिलेला ग्राफ आहे. ताणलेल्या ग्राफीनमध्ये, म्हणजे कार्बनच्या एका अणूइतक्या पातळ पापुद्र्यात, इलेक्ट्रॉन सोडायचे, वाटेत व्होल्टेजची भिंत, ती सतत वरखाली हलती. पार किती होतात ते काढायचं. माझ्या गणितात शंभर सोडले की एकशे बारा बाहेर येतात, जे शक्यच नाही. म्हणून ग्राफची उभी मोजपट्टी मी शंभरावरच कापली. हे खोटं नव्हे. वरचं दिसत नाही, एवढंच.

ग्राफीनमध्ये सरळ आलेला इलेक्ट्रॉन कुठल्याही भिंतीतून जातो. मीही सरळच तिच्याकडे गेलो. ती रोजच्यासारखी माझ्यासाठी चहा ओतत होती. चहाच्या वेळी असले विषय काढू नयेत.

मंगळवार, ६ मे
आधी चूक दुरुस्त करायची, मग सांगायचं. तासाभराचं काम. भिंत हलती न ठेवता पाहिली, सगळं शंभराच्या आत. म्हणजे मुळात मी निर्दोष आहे. या आनंदात दुपारी झोपलो.

बुधवार, सकाळ
भिंत पुन्हा हलती केली. आता एकशे अठरा येतायत.

गुरुवार, ८ मे
आई व्हायवासाठी बदामाच्या करंज्या करतेय. घरभर नारंगीच्या फुलांच्या पाण्याचा वास. म्हणाली, पोरगी तुझ्यामागून आली नि पुढे गेली, तुझी पीएचडी कधी? म्हटलं, रमजानच्या आत. कुठल्या वर्षीच्या, ते सांग म्हणाली.
एक करंजी उचलली तर हातावर चापट. बरं झालं. आधी सांगायचं, मग खायची.

शुक्रवार, ९ मे
शुक्रवारच्या जेवणात कुसकुस जास्त खाल्ला, सुस्ती आली, तरी गिझलानला फोन केला. तिनेच, नेहमीचं आदराचं ‘सी’ लावून, विचारलं, सी तौफीक, काही सांगायचंय का? म्हटलं, हो, उद्या घाबरू नकोस. आणि ठेवला.
इतका नालायक माणूस अख्ख्या अल जदीदा शहरात नसेल. उद्या दारातच सांगणार.

शनिवार, १० मे
आईमुळे उशीर. पोचलो तेव्हा सुरू झालं होतं. रबातहून आलेल्या परीक्षक बाईंनी नेमका तोच ग्राफ मागितला. उभं राहून सगळं कबूल करावं असं फार वाटलं, पण मांडीवर करंज्यांचं ताट होतं.
पडद्यावर ग्राफ आला. मोजपट्टी पूर्ण, रेघ शंभराच्या खाली. माझा नव्हताच तो. हलत्या भिंतीतून जाताना इलेक्ट्रॉनची ऊर्जा बदलते, मग बाहेर पडायची दिशाही बदलते. ते मी हिशेबात धरलंच नव्हतं, तिने धरलं होतं.
निकाल लागला, गिझलान डॉक्टर झाली. बायकांनी आनंदाच्या किलकाऱ्या दिल्या, सगळ्यात मोठी माझ्या आईची.
ताट घेऊन गिझलानपाशी गेलो. ती म्हणाली, तुमचा ग्राफ चुकलाय हे मला मार्चमध्येच कळलं होतं. मग बोलली का नाहीस, विचारलं. म्हणाली, तुम्ही सांगाल म्हणून थांबले. त्यासाठीच तर रोज चहाला बोलावत होते.
मला तोंड लपवायला जागा नव्हती. ती म्हणाली, ताट फिरवा आता, लोक थांबलेत. फिरवलं.
सोमवारी तिची माफी मागायची. दुपारी नको, चहाची वेळ असते.