उतारावरचे अडतीस कॅमेरे

मंगळवार, ४ मार्च

फरशी उतरती आहे!

आज संध्याकाळी वर्कशॉप धुताना कळलं. कळलं म्हणजे काय, तीन महिने डोळ्यांसमोरच होतं. बादलीभर पाणी ओतलं की सगळं आपोआप शटरकडे पळतं आणि तिथल्या गटारात जातं. भाऊजी दर वेळी कमरेवर हात ठेवून म्हणतात, "बघ, थेंब थांबत नाही! गवंड्याच्या डोक्यावर बसून करून घेतलंय." आणि मीही दर वेळी म्हणते, छान झालं हो. आज म्हणता म्हणता जीभ अडखळली. पाणी पळतंय म्हणजे जमीन सपाट नाही. आणि मी ह्याच जमिनीवर गाड्या उभ्या करून कॅमेरे जुळवते.

जेवण गेलं नाही. डोकं दुखतंय असं सांगितलं.

बुधवार, ५ मार्च

सगळ्यांच्या आधी खाली उतरले. लेव्हलची पट्टी लावली. मागची चाकं येतात ती जागा पुढच्या चाकांपेक्षा अडीच सेंटिमीटर खाली. तीनदा मोजलं. तिन्ही वेळा तेच.

नीट लिहून काढते, म्हणजे डोकं ताळ्यावर येईल.

आम्ही गाड्यांच्या पुढच्या काचा बदलतो. काच नवरा बसवतो. गिऱ्हाईक भाऊजी बघतात – माझे मोठे दीर, दुकान त्यांचं. हल्लीच्या गाड्यांना आतल्या आरशामागे, काचेला चिकटून, एक कॅमेरा असतो. पट्टे तोच बघतो, पुढची गाडी तोच बघतो, आणि माणूस गाफील राहिला तर ब्रेकही तोच मारायला लावतो. काच बदलली की त्याला पुन्हा शिकवावं लागतं, सरळ म्हणजे नेमकं कुठे. ते काम माझं. चाकांत हवा बरोबर, डिकी रिकामी, आत कोणी बसायचं नाही, समोर मोजून नक्षीचा बोर्ड, आणि खाली सपाट जमीन. मग गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावायचा. हिरवी खूण आली की कागदावर सही – माझी.

बोर्ड आतल्या भिंतीजवळ जुन्या ओट्यावर असतो, तो सपाट आहे. गाडी मात्र डिसेंबरपासून नव्या फरशीवर – नाक वर, शेपूट खाली. कॅमेऱ्याला वाटतं आपणच वर बघतोय. तो बिचारा शहाण्यासारखा तेवढी दुरुस्ती करून ठेवतो. मग गाडी सपाट रस्त्यावर जाते आणि दुरुस्ती नडते. पन्नास मीटरवर नजर अर्धा मीटर चुकते. समोरची गाडी आहे त्यापेक्षा लांब वाटते. म्हणजे ब्रेक उशिरा!

स्कॅनरला उतार कळत नाही. त्याला नक्षी दिसली की तो खूश.

स्कॅनरमधल्या नोंदी मोजल्या. फरशी झाल्यापासून अडतीस गाड्या. अडतीस हिरव्या खुणा. अडतीस सह्या.

गुरुवार, ६ मार्च

नवऱ्याला सांगितलं. तो काचेच्या कडेला गोंद लावत होता, हात थांबला नाही. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बघू."

ह्या माणसाशी लग्न करून अकरा वर्षं झाली. त्यातली निम्मी ह्या "बघू"त गेली असतील.

शुक्रवार, ७ मार्च

भाऊजींना सांगितलं. आधी हसले. मग म्हणाले, "स्कॅनर हिरवं म्हणतो, आणि तू कोण लाल म्हणणारी?"

मी म्हटलं, मोजून बघा. मोजलं नाही. शटर अर्धं खाली ओढलं आणि आवाज खाली आणला. "एकाला बोलावलंस की अडतीस जण दारात उभे राहतील. दुसऱ्या दिवशी गावभर. दुकान गेलं की वरचं घर गेलं. जाणार कुठे तुम्ही दोघं?"

मी म्हटलं, कोणाचा जीव गेला तर? म्हणाले, "ब्रेकवर माणसाचा पाय असतो ना? कॅमेरा नव्हता तेव्हा काय सगळे मरत होते?"

ह्याचं उत्तर आता सुचतंय. कॅमेरा नव्हता तेव्हा लोक रस्त्याकडे बघत होते. आता त्यांना वाटतं कोणीतरी बघतंय. आणि तसं त्यांना मीच सांगितलंय, सही करून!

शनिवार, ८ मार्च

तडजोड झाली म्हणे. नव्या गाड्यांच्या मागच्या चाकांखाली मी लोखंडी पत्रे घालायचे, उतार भरून काढायचा. जुन्यांबद्दल तोंड उघडायचं नाही. गिऱ्हाइकांची फाईल भाऊजींनी वर नेऊन कपाटात ठेवली. कुलूप. स्कॅनरमध्ये गाड्यांचे नंबर आहेत, माणसांचे फोन नाहीत.

रविवार, ९ मार्च

सुट्टी. आमच्या घराला वेगळा दरवाजा नाही. जिना वर्कशॉपमधूनच. भाजी आणायला जायचं तरी त्याच फरशीवरून. आज चार वेळा गेले-आले. चारही वेळा पाय उताराला लागलेला कळला. तीन महिने कसा कळला नव्हता?

सोमवार, १० मार्च

नर्सबाई आल्या होत्या. निवृत्त आहेत, छोटी लाल गाडी, स्वभावाने मोकळ्या. जानेवारीत काच बदलली होती. माझ्याकडेच आल्या सरळ. "अगं, पूर्वी ही गाडी मला जरा लवकर ओरडायची. हल्ली अगदी जवळ गेल्यावर ओरडते. का माझाच भास?"

माझं तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं! तेवढ्यात भाऊजी मागून, "बाई, नवी काच आहे, जास्त स्वच्छ दिसतं म्हणून तसं वाटतं. होईल सवय." वर चहा मागवला त्यांच्यासाठी. बाई हसल्या. मला म्हणाल्या, "तू तपासलीयस ना? मग झालं."

मी मान हलवली.

मान का हलवली? पंधरा मिनिटांचं काम होतं. पत्रे कोपऱ्यातच होते. बाई गाडी काढून गेल्या आणि मी फडक्याने स्कॅनर पुसत बसले. स्वच्छ स्कॅनर!

बुधवार, १२ मार्च

रस्त्यावर बाहेर पडले की गाड्या बघत राहते. ती पांढरी आपली का? त्या निळीची काच बदललेली दिसते, रबर नवं आहे. सिग्नलला एका गाडीच्या इतकी जवळ गेले की आतल्या माणसाने काच खाली करून विचारलं, "काय पाहिजे?" काय सांगणार!

जाऊबाईंच्या कानावर गेलंय. भांडी लावता लावता म्हणाल्या, "खालचं खाली ठेवावं, वर आणू नये." त्या वाईट नाहीत. वीस वर्षं त्याच जिन्याने वर-खाली करतायत, त्यांनाही दुसरा जिना माहीत नाही.

मी नोकरी बघावी का? कुठेही गेले तरी आधीच्या कामाचा दाखला मागतील. दाखला भाऊजी देणार.

शनिवार, १५ मार्च

नर्सबाईंना अपघात झाला.

काल संध्याकाळी. थांबलेल्या टेम्पोवर मागून आदळल्या. बरगड्या मोडल्यात, मनगट मोडलंय. जिवाला धोका नाही म्हणतात. विमा कंपनीतून फोन आला, काचेचे कागद हवेत. भाऊजींनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "कागद स्वच्छ आहेत. तपासणारी तू, सही तुझी. मी कुठे त्यातलं जाणतो?"

म्हणजे दुकान त्यांचं, फरशी त्यांची, आणि सही तेवढी माझी.

रविवार, १६ मार्च

हॉस्पिटलच्या दारापर्यंत गेले. आत गेले नाही. काय तोंडाने जाऊ? सोमवारी त्या माझ्यासमोर उभ्या होत्या. मी मान हलवली होती.

भीती वाटते. तुरुंगाची वाटते, हे लिहून टाकते, खोटं कशाला. पण त्याहून जास्त वाटते ती उरलेल्या सदतीस गाड्यांची. ह्यातली एक आत्ता ह्या क्षणी कोणाच्या तरी मागे धावत असेल.

नवरा विचारत होता, जेवलीस का. त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मंगळवार, १८ मार्च

विमा कंपनीचा तपासनीस आला. बारीक, हळू बोलणारा माणूस. मी ठरवलं होतं, त्याने एक प्रश्न विचारला की सगळं सांगायचं. फरशी दाखवायची. पट्टी खिशातच ठेवली होती.

त्याने विचारलंच नाही!

त्याने गाडीतली नोंद आधीच काढली होती. सूर्य अगदी समोर होता, मावळतीचा. कॅमेऱ्याचे डोळे दिपले. गाडीने स्वतःहून डॅशबोर्डवर लिहिलं – कॅमेरा तात्पुरता बंद. धडकेच्या तब्बल दोन मिनिटं आधी. नर्सबाईंनी ते वाचलं होतं, तसं त्यांनीच सांगितलं. "वाटलं, होईल चालू. तोवर गाडी बघेलच." त्या लहान गाडीला बंपरमध्ये रडार नाही, बघणारा तो एकटाच कॅमेरा. तो बंद, म्हणजे कोणीच बघत नव्हतं.

हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते. समोर ऊन असेल, धुकं असेल, पट्टे पुसलेले असतील, काचेवर चिखल असेल, तर हा कॅमेरा आंधळा. लोक हो हो म्हणतात आणि मोबाईल बघतात.

"तुमच्या कामाचा ह्यात संबंध नाही," तपासनीस म्हणाला आणि वहीवर रेघ मारली. जाताना म्हणाला, "फरशी छान केलीय हो."

बुधवार, १९ मार्च

सुटले. सगळे तसंच म्हणतायत.

भाऊजी सकाळपासून शीळ घालतायत. "देवानेच दाखवून दिलं, कॅमेऱ्याचा दोष नव्हता!" जाऊबाईंनी मला हाताला धरून खुर्चीवर बसवलं आणि गरम चहा दिला. खूप दिवसांनी कोणी असं वागलं. रडू आलं, त्यांना वाटलं आनंदाचं.

मला रडू ह्याचं येत होतं की आता कोणीच विचारणार नाही. कोणीतरी येईल, विचारेल, मग मी सांगेन – ह्या एका आशेवर मी पंधरा दिवस काढले. तो माणूस आला आणि छान छान म्हणून गेला. आता दार बाहेरून बंद नाही. आतून आहे. कडी माझ्याच हाताशी, आणि हात उचलवत नाही. फोन नंबर नाहीत, हे कारण किती सोयीचं आहे माझ्या!

हॉस्पिटलमध्ये गेले अखेर. नर्सबाईंनी डाव्या हाताने माझा हात दाबला. "वेडे, तुझ्या जिवाला लागलं असेल ना? चूक माझी होती गं." मी त्यांची उशी सारखी केली आणि परत आले.

गुरुवार, २० मार्च

सकाळी स्कॅनरच्या पेटीत एक जुनी वही सापडली, कालपर्यंत ती तिथे नव्हती. नवऱ्याचं अक्षर. अडतीस गाड्या, मालकांची नावं, फोन. प्रत्येकीपुढे काम झालं त्याच दिवसाची तारीख आणि एकच वाक्य – "मागची बाजू अडीच सेंटिमीटर खाली." पहिली नोंद १४ डिसेंबरची. फरशीवर चढलेली पहिलीच गाडी. म्हणजे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माझ्याआधी ऐंशी दिवस! मी सह्या करत होते आणि हा शेजारी उभा राहून लिहून ठेवत होता.

ओरडणार होते. तो काचेपाशी उभा होता, हातात काही नव्हतं. म्हणाला, "मला बोलता आलं नाही. तुला येईल असं वाटलं."

पहिला फोन मी लावला. गाडी घेऊन या म्हटलं, चूक आमची आहे. दुसऱ्या नंबरला फोन त्याच्या हातात दिला. भाऊजी जिन्यात उभे होते.