फक्त ऑफिसची भाषा

३ मार्च, सोमवार
हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत चार समाजांची माणसं, चार भाषा, रोज भांड्याला भांडं. त्यांना एकत्र आणायला हेड ऑफिसने मलाच निवडलं. विविधता समन्वयक! पगार तोच, बिल्ला नवा. संकल्प : तीन महिन्यांत एक कुटुंब. बायको म्हणाली, सख्ख्या भावाशी दोन वर्षं बोलला नाहीत, आधी ते बघा. दुर्लक्ष केलं.

६ मार्च
रोगाचं मूळ सापडलं. लोक आपापल्या भाषेत बोलतात आणि हसतात. बहुधा मलाच. नियम लावला : मशीनवर फक्त ऑफिसची भाषा. चुकला की चहा बंद. तीनदा चुकला की घरी.

११ मार्च
हाताची घडी, तोंडावर बोट. हेड ऑफिसचे साहेब खूश. चादरींना इस्त्री करणाऱ्या रोलरवर लंबू आणि त्याची मावशी समोरासमोर असतात. सगळेच तिला मावशी म्हणतात. दोघांच्या दिवसभर गप्पा चालायच्या, त्या थांबल्या. लंबू दोनदा चुकलाय. मोडक्यातोडक्या शब्दांत विचारत होता, घाईचं काही सांगायचं असलं तर? म्हटलं, शब्दांची यादी लावतो भिंतीवर.

१६ मार्च, रविवार
यादीला बसलो. नमस्कार, धन्यवाद, सहकार्य. तेवढ्यात मेहुणा आला. बाकीचे शब्द पुढच्या रविवारी. पाया तर पक्का झाला.

१९ मार्च, सकाळी ११
मावशीची बाही रोलरकडे ओढली जात होती. तिचं लक्ष पलीकडे. लंबूने पाहिलं. तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा तिच्याकडे. मग ओरडला, स्वतःच्याच भाषेत. तोवर हात आत गेला होता.

संध्याकाळी
चार बोटं गेली. रिपोर्टमध्ये कारण लिहिलं, निष्काळजीपणा. माझा नियम बोलण्याबद्दल होता, ओरडण्याबद्दल नव्हता. हे कोणालाही कळायला हवं. वॉर्डाबाहेर लंबूलाही तेच समजावलं. तो ऑफिसच्या भाषेत म्हणाला, एकही चूक न करता, "साहेब, शब्द शोधत होतो."
जेवण गेलं नाही.

२४ मार्च, सोमवार
बायको म्हणेल, बैल गेला नि झोपा केला. म्हणून तिला काही सांगितलं नाही. सकाळी सगळ्यांना जमवून नियम मागे घेतला. ज्याला जी भाषा येते ती बोला, म्हटलं. मनापासून म्हटलं. शिफ्ट संपेपर्यंत कोणी कोणाशी बोललं नाही.
गेटबाहेर मात्र चारही समाजांची माणसं एकाच घोळक्यात बोलत उभी होती. लंबू मधोमध. मला बरं वाटलं. मी जवळ गेलो, तशी पांगली.