माळवदावर वीट ठेवू नये

मी, मनकर्णा राधाकृष्ण बोरुडे, वय ५३, मॅट्रिक पास, धंदा घरकाम, राहणार कोल्हार, देवाच्या कृपेने शुद्धीवर असताना आणि कोणी शेजारी बसून सांगत नसताना हे लिहून ठेवते. सांगायला दीर रंगनाथराव दोनदा येऊन गेले. त्यांना चहा दिला.

कलम १. राहते घर यजमानांनी हयातीत माझ्या नावे केले. ते माळवदासह माझी एकुलती एक मुलगी चांगुणा हिला मिळावे. मुलगा नसलेल्या भावाचे घर आपोआप आपले होते, अशा समजुतीने भावजींनी माळवदावर दोन खोल्या चढवायला विटाही पाहून ठेवल्या आहेत. "वहिनी, न्हाईतरी वर कोन जातं?" असे ते म्हणाले. स्वतः कधी न चढलेल्या माणसाला हे वाटणारच.

वर काय चालते ते लिहिते. श्रवण नक्षत्राजवळ एक तारा आहे. तो आठवडाभरात फुगतो, आकसतो, तसे त्याचे तेज वाढते, घटते. शेजारच्या न बदलणाऱ्या ताऱ्यांशी ताडून, याच्याहून उजळ, त्याच्याहून मंद, असा रोज आकडा मांडायचा. सासरी नव्या सुनेला जावांशी ताडतात तसेच. फक्त इथे खोटे खपत नाही. यजमान शाळामास्तर. वर्षानुवर्षे हे आकडे ते पुण्याच्या एका प्रोफेसरांना पाठवीत.

एका कार्तिकात माझ्या ऑपरेशनसाठी आम्ही नाशकास होतो. काम भावजींवर सोपवले. ते सोसायटीचे सेक्रेटरी. सभा न भरवता घरी बसून प्रोसिडिंग लिहिण्यात हात बसलेला. त्यांनी पहिला आकडा मांडला आणि खाली महिनाभर 'वरीलप्रमाणे' लिहून पाठवून दिले. आम्ही परतलो तेव्हा शिडीला कोळ्याचे जाळे होते. पुढे पुण्याचे पत्र आले, की तारा महिनाभर थांबल्याचा शोध आपणच ठेवावा, यापुढे तसदी घेऊ नये. यजमानांनी भावाचे नाव कळवले नाही. मला म्हणाले, "धाकटा हाय तो. बोलू नको." हयातीत बोलले नाही. हा कागद हयातीनंतरचा आहे.

ते गेल्यावर चांगुणाने पुन्हा आकडे पाठवायला घेतले. गेल्या दसऱ्यापासून प्रोफेसर ते स्वीकारतात. खोल्या चढल्या तर आभाळ झाकले जाईल आणि बापाचे नाव दुसऱ्यांदा बुडेल. म्हणून माळवदावर वीट ठेवू नये.

कलम २. पोस्टातल्या पैशांतून मारुतीच्या देवळापुढच्या नव्या दिव्याला पत्र्याची टोपी करावी. उजेड देवाच्या पायाशी पडावा, आमच्या डोळ्यांत नको. पंचांना राग येईल. मारुतीरायाला मी रोज सांगतेच आहे.

कलम ३. माझ्यामागे जेवणावळ घालू नये. यंदा दुष्काळ आहे. पाऊस नाही, निदान आभाळ तरी मोकळे आहे. चांगुणाने सुतकातही आकडा चुकवू नये, ताऱ्याला सुतक नसते.

कलम ४. भावजींना माळवदावर कधीही चढण्याचा हक्क राहील, बांधण्याचा नाही. शिडी मजबूत आहे. त्यांच्याकडून तरी झिजलेली नाही.

साक्षीदारांनी कागद वाचूनच सही करावी. मागाहून 'ठाऊक नव्हते' म्हणणे शोभणार नाही. भावजींसाठी अक्षर मुद्दाम मोठे काढले आहे.

कोल्हार, ता. १२ नोव्हेंबर १९७२
सही: मनकर्णा राधाकृष्ण बोरुडे

साक्षीदार
१. सुमनबाई रंभाजी देठे, शेजारीण: कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, मान्य आहे. मनकर्णाबाईंनी माझ्यासमोर सही केली.
२. रंगनाथ गहिनीनाथ बोरुडे, दीर: वरीलप्रमाणे.